वेग हवा की भरवसा? संघ निवडताना रॅलीचालक मांडतो तो हिशेब

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील मुक्की द्वारावर पहाटेच्या अंधारातच गाड्यांची रांग लागते. कान्हा व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना घेऊन शिरणाऱ्या या गाड्यांमध्ये मारुतीच्या उघड्या जिप्सी आजही दिसतात. १९८५ साली बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिच्याहून वेगवान, आरामशीर आणि देखण्या गाड्या तत्पूर्वीच आल्या होत्या. तरीही साल आणि बांबूच्या जंगलातून रोज दोन फेऱ्या मारणाऱ्या चालकाचा जिप्सीवरचा विश्वास ढळलेला नाही. जंगलाच्या मध्यावर बंद पडलेली गाडी कोणालाच परवडत नाही, आणि ती बिघडलीच तर बैहरच्या साध्या गॅरेजमधल्या मिस्त्रीलाही तिची नस न् नस ठाऊक असते. गोव्यातून चोर्ला किंवा अनमोड घाट ओलांडून नियमित ये-जा करणाऱ्यांना हा विचार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हीच जिप्सी अनेक वर्षे भारतीय रॅलींच्या मैदानातही धावली. हिमालयातील ‘रेड द हिमालया’पासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत हौशी स्पर्धकांची ती हक्काची गाडी होती, आणि त्यामागचे कारणही मुक्कीच्या चालकाचेच होते. फरक इतकाच, की पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या चालकाला फक्त परत यायचे असते; रॅलीचालकाला परतही यायचे असते आणि इतरांच्या आधीही यायचे असते. या दोन अपेक्षा एकमेकींच्या वाटेत येतात, तेव्हा कोणत्या संघाच्या गाडीत बसायचे हा प्रश्न उभा राहतो. जगातील नामांकित चालकांच्या कारकिर्दी या एका प्रश्नाच्या उत्तरावर घडल्या आहेत आणि बिघडल्याही आहेत.

सेकंदांचे अंतर, मिनिटांचा दंड

रॅली ही मैदानावरच्या गोल शर्यतीसारखी नसते. तिच्यात गाड्या एकमेकींच्या शेजारून धावत नाहीत. रहदारीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या एका तुकड्यावर, ज्याला विशेष टप्पा म्हणतात, प्रत्येक गाडी काही मिनिटांच्या अंतराने एकेकटी सोडली जाते. असे पंधरा-वीस टप्पे तीन-चार दिवसांत पार करायचे आणि सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी. टप्प्यांच्या मधले अंतर मात्र नेहमीच्या रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळून कापावे लागते. चालकाच्या शेजारी बसलेला सहचालक आधीच टिपून ठेवलेली वळणे वाचत जातो.

या रचनेत दोन गोष्टी कळीच्या आहेत. पहिली म्हणजे वरच्या दोन-तीन गाड्यांमधील अंतर अनेकदा अगदी नगण्य असते. २००७ च्या न्यूझीलंड रॅलीत मार्कस ग्रॉनहोमने सेबास्टियन लोएबला अवघ्या ०.३ सेकंदाने हरवले. २०११ च्या जॉर्डन रॅलीत सेबास्टियन ओजिएचा विजय ०.२ सेकंदाचा होता. इतक्या लांबच्या धावेनंतर डोळ्याची पापणी लवण्याइतके अंतर! दुसरी गोष्ट अशी, की बिघाडाची किंमत सेकंदांत मोजली जात नाही. सर्व्हिस पार्कमध्ये मेकॅनिकना ठरावीक वेळा आणि ठरावीक मिनिटेच गाडीला हात लावता येतो. दिवसअखेरीच्या मोठ्या दुरुस्तीलाही पाऊण तासच मिळतो. एरवी रस्त्यात काही मोडले, तर गाडीत असलेल्या हत्यारांनिशी चालक आणि सहचालक यांनीच ते निस्तरायचे. ते जमले नाही तर त्या दिवसापुरती माघार, आणि दुसऱ्या दिवशी परतताना चुकलेल्या प्रत्येक टप्प्यामागे मिनिटांचा दंड.

म्हणजे वेगातून मिळणारा लाभ दशांश सेकंदांचा आणि बिघाडातून होणारा तोटा कित्येक मिनिटांचा. एवढ्यावरून कोणीही म्हणेल, की भरवशाचीच गाडी घ्यावी. परंतु गुणांची पद्धत हा हिशेब थोडा फिरवते.

जागतिक रॅली स्पर्धेत २०१० पासून अनेक हंगाम पहिल्या क्रमांकाला २५, दुसऱ्याला १८ आणि तिसऱ्याला १५ गुण मिळत होते. समजा, एका संघाची गाडी अतिशय वेगवान आहे. ती शेवटपर्यंत टिकली तर जिंकतेच, पण दोनपैकी एकदा रस्त्यात थांबते. चार रॅलींत तिचे दोन विजय, म्हणजे ५० गुण. दुसऱ्या संघाची गाडी कधीच जिंकत नाही, पण कधी थांबतही नाही. आलटून पालटून दुसरी आणि तिसरी येते. तिचे गुण ६६. पहिल्या गाडीने चारपैकी तीन रॅली पूर्ण केल्या की तिचे ७५ होतात आणि पारडे उलटते. ढोबळमानाने, वेगवान गाडी तीनपैकी दोनदा टिकली तर ती भरवशाच्या गाडीची बरोबरी करते. त्याहून अधिक वेळा टिकली तर तिच्यापुढे कोणी उभे राहू शकत नाही. तेव्हा चालकाने संघाला विचारायचा प्रश्न ‘तुमची गाडी बिघडते का’ हा नव्हे; प्रत्येकच गाडी बिघडते. ‘तीनपैकी किती वेळा’ हा खरा प्रश्न आहे.

मुंबईत पहिला, सिडनीत दहावा

या हिशेबाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या बंदरातून गेलेले आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ गाड्या सिडनीच्या दिशेने निघाल्या. ‘लंडन-सिडनी मॅरेथॉन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या स्पर्धेचे पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे होते. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा प्रवास करीत, खैबर खिंड ओलांडून गाड्या लाहोरमार्गे दिल्लीत आल्या आणि तेथून आग्रा, इंदूर या वाटेने मुंबईला पोहोचल्या. मध्य प्रदेशाच्या पश्चिम अंगाने गेलेली ही वाट पूर्वेकडच्या बालाघाटपासून बरीच दूर. पण आग्रा-मुंबई रस्त्यावरील गावांसाठी ते दृश्य नवलाईचेच असणार. मुंबईत गाड्या ‘चुसान’ या बोटीवर चढवण्यात आल्या आणि समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला, फ्रीमँटल बंदरात उतरवण्यात आल्या.

मुंबई गाठली तेव्हा आघाडीवर होता ब्रिटनचा रॉजर क्लार्क. त्याच्याकडे फोर्डची लोटस कॉर्टिना होती. शर्यतीसाठी घडवलेल्या इंजिनाची ही गाडी त्या ताफ्यातील चपळ गाड्यांपैकी एक होती. अँड्र्यू कोवान हा स्कॉटिश शेतकरी चालक त्याच्या मागे, अनेक गाड्यांच्या गर्दीत होता. कोवानची हिलमन हंटर ही मध्यमवर्गीय कुटुंबाने बाजारहाटासाठी घ्यावी अशी सरळसाधी गाडी. तिची खासियत म्हणजे तिच्यात विशेष असे काहीच नव्हते. याच गाडीची इराणी आवृत्ती ‘पेकान’ या नावाने पुढे कित्येक दशके तेहरानच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावत राहिली, यातच तिच्या प्रकृतीची कल्पना यावी.

ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीत क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला. त्याच्याच संघातील एरिक जॅक्सनने आपल्या गाडीचे सिलिंडर हेड काढून त्याला दिले. एका सहकाऱ्याची स्पर्धा पणाला लावून दुसऱ्याची वाचवण्याचा तो प्रकार होता. पुढे मागच्या आसाचा डिफरेन्शिअल गेला. त्या वेळी रस्त्याकडेला एका सामान्य माणसाची कॉर्टिना उभी दिसली, तेव्हा क्लार्कच्या चमूने मालकाची मनधरणी करून तिचा सुटा भाग विकत घेतला आणि आपल्या गाडीला बसवला. एवढे करून क्लार्क सिडनीला पोहोचला तो दहाव्या क्रमांकावर.

क्लार्क मागे पडल्यावर आघाडी आली बेल्जियमच्या लुसियाँ बियांकीकडे. त्याची सित्रोएन डीएस वेगवानही होती आणि भरवशाचीही. अखेरच्या टप्प्याजवळ, जिंकणे जवळपास निश्चित असताना समोरून आलेल्या एका मिनी गाडीशी तिची टक्कर झाली आणि बियांकी गंभीर जखमी झाला. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने स्वतःचा वेळ खर्ची घालून अपघातग्रस्तांना मदत केली. १७ डिसेंबर रोजी सिडनीत पहिला आला तो कोवान, हॉपकर्क दुसरा.

या कथेचा सोपा अर्थ ‘कासव जिंकले’ असा काढला जातो. तो पुरता खरा नाही. बियांकीची गाडी मोडली नव्हती. तिला दुर्दैवाने गाठले. पण कोवानची गाडी त्या दुर्दैवाचा लाभ घेता येईल इतक्या जवळ, धडधाकट अवस्थेत उपस्थित होती. भरवशाच्या गाडीचे काम बहुधा एवढेच असते. ती विजय मिळवून देत नाही. इतरांच्या हातून निसटलेला विजय उचलायला हजर राहते. कोवानने १९७७ ची लंडन-सिडनी स्पर्धाही जिंकली. या खेपेला मर्सिडीज घेऊन.

तेलाची कंपनी, तुटलेले इंजिन

संघाची निवड केवळ यंत्राच्या गुणदोषांवर होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. स्पेनचा कार्लोस साइन्झ हा १९९० आणि १९९२ मध्ये टोयोटाच्या गाडीतून जगज्जेता झाला. सर्वोत्तम गाडी हाताशी असताना १९९३ साठी तो लॅन्शियाच्या गाडीत गेला, त्याचे एक मोठे कारण इंजिनात ओतायच्या तेलाचे होते. त्याची पाठराखण करणारी स्पॅनिश तेल कंपनी एक आणि टोयोटाची पुरस्कर्ती दुसरी. दोघींचे बोधचिन्ह एकाच गाडीवर मावणे शक्य नव्हते. लॅन्शिया कंपनी तेव्हा अधिकृतपणे स्पर्धेतून बाहेर पडली होती आणि गाडीचा विकास थांबला होता. त्या वर्षी जगज्जेत्याला एकही रॅली जिंकता आली नाही.

त्यानंतर सुबारू, फोर्ड असा प्रवास करून साइन्झ १९९८ मध्ये टोयोटाकडे परतला. हंगामाची शेवटची रॅली ब्रिटनमध्ये होती. विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी टॉमी मॅकिनेन पहिल्याच दिवशी चाक गमावून बाहेर पडला. साइन्झला केवळ चौथे यायचे होते आणि तो चौथाच होता. शेवटचा टप्पा, शेवटचे काहीशे मीटर, समोर अंतिम रेषा. आणि कोरोलाचे इंजिन फुटले. सहचालक लुईस मोयाने संतापून हेल्मेट गाडीच्या काचेवर फेकले, ते दृश्य रॅली पाहणाऱ्या पिढीच्या स्मरणातून गेलेले नाही. मॅकिनेन ५८ गुण, साइन्झ ५६. तिसरे जागतिक विजेतेपद साइन्झला पुन्हा कधीच मिळाले नाही.

अलीकडच्या काळात हाच पेच एस्टोनियाच्या ओट टॅनाकसमोर उभा राहिला. २०१८ आणि २०१९ या दोन हंगामांत टोयोटा यारिस ही कदाचित सर्वांत वेगवान गाडी होती आणि टॅनाक तिचा सर्वांत वेगवान चालक. पण २०१८ च्या वेल्स रॅलीत आघाडीवर असताना गाडीच्या पुढच्या भागाला तडाखा बसून त्याला थांबावे लागले. २०१९ मध्ये अर्जेंटिनात अल्टरनेटर बंद पडला. त्याच वर्षी जूनमध्ये सार्डिनियात शेवटचा एकच टप्पा उरला असताना तो २६.७ सेकंदांनी पुढे होता. त्या टप्प्यात पॉवर स्टिअरिंग गेले आणि रॅली ह्युंडाईच्या डॅनी सोर्डोने जिंकली. टॅनाक पाचवा आला. इतके होऊनही त्याने त्या वर्षीचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि ते निश्चित झाल्यानंतर काही दिवसांतच ह्युंडाईशी करार जाहीर केला.

ह्युंडाई त्या वेळी निर्मात्यांची विजेती होती. म्हणजे संघ म्हणून सर्वाधिक सातत्य तिचे होते. कागदावर निर्णय चुकीचा नव्हता. प्रत्यक्षात २०२१ मध्ये पोर्तुगाल आणि सार्डिनिया या लागोपाठच्या दोन रॅलींत टॅनाक आघाडीवर असतानाच त्याच्या गाडीचे सस्पेन्शन मोडले. आणि त्याने सोडलेल्या टोयोटाचे काय झाले? २०२० आणि २०२१ मध्ये त्याच गाडीतून ओजिए, तर २०२२ आणि २०२३ मध्ये टोयोटाच्याच नव्या गाडीतून काल्ले रोवानपेरा जगज्जेते झाले. टॅनाक निघून गेल्यानंतरची सलग चार विजेतेपदे त्याच्या जुन्या संघाने नेली. २०२३ मध्ये तो फोर्डच्या गाडीत बसला, स्वीडन आणि चिली येथे जिंकला, पण हंगामभर बिघाडांशी झगडून २०२४ मध्ये पुन्हा ह्युंडाईत परतला.

टॅनाकने उतावीळपणा केला, असे आज म्हणणे सोपे आहे. पण संघ निवडताना चालकाला मागच्या वर्षीची गाडी दिसते; धावायचे असते पुढच्या वर्षीच्या गाडीतून. मोटार शर्यतींच्या जगात एक समज फार जुना आहे: वेगवान गाडी भरवशाची करता येते, भरवशाची गाडी वेगवान करणे मात्र अवघड. मोडलेला भाग अभियंत्याच्या टेबलावर येतो, का मोडला ते दिसते, पुढच्या वेळी तो जाड केला जातो. मंद गाडीत मात्र मोडलेले असे काही नसतेच. दोष संपूर्ण आराखड्यात मुरलेला असतो. कॉलिन मॅकरे १९९९ मध्ये फोर्डच्या अगदी नव्या फोकस गाडीत बसला, तेव्हा सफारी आणि पोर्तुगाल या रॅली जिंकल्यानंतर उरलेला हंगाम बिघाड आणि अपघातांत वाहून गेला. दोनच वर्षांनी, २००१ मध्ये त्याच फोकसच्या जोरावर तो विजेतेपदापासून अवघ्या दोन गुणांनी दूर राहिला. टोयोटाने टॅनाकनंतर जे साधले, तेही याच जातीचे.

मंद गाडीचा आणखी एक धोका आकडेवारीत दिसत नाही. गाडी कमी पडते आहे हे कळले, की चालक उरलेले अंतर स्वतःच्या अंगाने भरून काढू पाहतो. वळणावर उशिरा ब्रेक, उंचवट्यावर न कचरता ॲक्सिलरेटर. आणि मग गाडी झाडावर. निकालपत्रकात त्याची नोंद ‘अपघात’ अशी होते, ‘गाडीचा दोष’ अशी नव्हे. याउलट खरोखर वेगवान गाडी थोडी राखून चालवता येते आणि राखून चालवलेली गाडी अधिक टिकते. वेग आणि भरवसा हे दोन विरुद्ध टोकांचे गुण आहेत, असे मानणाऱ्याला ही गोष्ट खटकेल. पण अनुभवी चालक संघाच्या सरावात आधी हेच पाहतात, की पूर्ण जोर न लावता ही गाडी किती पळते.

वाळवंटात हिशेब बदलतो

डकार रॅलीत मात्र वरची सगळी गणिते वेगळ्या मापाने मांडावी लागतात. ही स्पर्धा सुमारे दोन आठवडे चालते, एकेका दिवसाचा टप्पा शेकडो किलोमीटरचा असतो आणि हंगामभराचे गुण येथे उपयोगी पडत नाहीत. वर्षातून एकदाच संधी. एक दिवस हातचा गेला की पुढच्या जानेवारीची वाट पाहायची.

येथेही साइन्झचेच उदाहरण पुरेसे आहे. २०१३ ते २०१७ अशा सलग पाच डकार त्याला पूर्ण करता आल्या नाहीत. त्यांपैकी २०१६ मध्ये तर आघाडीवर असताना प्यूजोच्या यंत्रणेने साथ सोडली. तरीही तो प्यूजोसोबतच राहिला, आणि २०१८ मध्ये तीच मोहीम जिंकून गेली. २०२४ मध्ये ऑडीच्या विजेवर चाके फिरवणाऱ्या गाडीतून, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्याने चौथ्यांदा डकार जिंकली. तीही एकही टप्पा न जिंकता. टप्प्यामागून टप्पे जिंकणारा लोएब खडकांत गाडीचे नुकसान करून घेऊन तिसरा आला.

त्याच स्पर्धेत कतारच्या नासेर अल-अतियाची कथा उलट्या दिशेने गेली. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे टोयोटा हायलक्समधून डकार जिंकल्यावर तो प्रोड्राइव्हच्या वेगवान हंटर गाडीत गेला. २०२४ मध्ये बिघाडांमुळे त्याला माघार घ्यावी लागली. हा निर्णय मात्र एका वर्षापुरता नव्हता. प्रोड्राइव्हच घडवीत असलेल्या डासिया गाडीच्या नव्या मोहिमेत स्थान मिळवण्याची ती पायरी होती. २०२५ मध्ये डासियातून तो चौथा आला. त्या वर्षी जिंकला तो सौदीचा यझीद अल-राजही, आणि त्याची गाडी होती तीच जुनीजाणती हायलक्स. लोएब आणि साइन्झ हे दोघेही २०२५ मध्ये पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडले. गाड्या उलटल्यानंतर त्यांच्या संरक्षक पिंजऱ्यांना झालेली हानी नियमात बसणारी नव्हती. इंजिन सुरू, चाके शाबूत, चालक ठणठणीत, तरी गाडी बाद. भरवशाच्या व्याख्येत हेही येते.

भारतीय संघांपैकी या वाळवंटात सर्वांत ठळक नाव हिरो मोटोस्पोर्ट्सचे आहे. २०१७ मध्ये जर्मनीच्या स्पीडब्रेनच्या साथीने हा दुचाकी संघ डकारमध्ये उतरला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या केटीएमचे तेथे अखंड राज्य होते. अशा नवख्या संघात जाणे म्हणजे अनुभवी चालकाने आपले नाव पणाला लावणे. २०१५ मध्ये होंडावरून डकारमध्ये दुसरा आलेला पोर्तुगालचा पाऊलो गोन्साल्विस २०१९ मध्ये हिरोत दाखल झाला. २०२० च्या डकारमध्ये तिसऱ्या टप्प्यात त्याचे इंजिन निकामी झाले. मदतीचा ट्रक येईपर्यंत तो वाळवंटात थांबला, नवे इंजिन बसवले आणि उशिरा का होईना टप्पा पूर्ण केला. विजयाची आशा तेव्हाच संपली होती. तरी तो धावत राहिला. १२ जानेवारी रोजी सातव्या टप्प्यात पडून त्याचा मृत्यू झाला. या दोन घटना एकमेकींशी जोडण्याचे कारण नाही. पण संघाच्या तंबूत बसून वेग आणि भरवशाची आकडेमोड करणारे सर्वजण त्या दिवशी गप्प झाले. हिरोने त्या वर्षीच्या स्पर्धेतून माघार घेतली.

संघ पुन्हा उभा राहिला. २०२२ मध्ये गोन्साल्विसचा मेहुणा जोआकिम रॉड्रिग्ज याने हिरोला डकारमधील पहिला टप्पा जिंकून दिला. बोट्सवानाचा रॉस ब्रँच केटीएम आणि यामाहा असा प्रवास करून हिरोत आला होता. २०२४ मध्ये तो डकारमध्ये दुसरा आला आणि त्याच वर्षी रॅली-रेडचे जागतिक विजेतेपदही त्याने हिरोच्या गाडीवरून मिळवले. बलाढ्य संघात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा चालक होण्यापेक्षा वाढत्या संघात पहिल्या क्रमांकाचा होणे, हाही निवडीचा एक मार्ग असतो. त्या संघात गाडी त्याच्या सवयीप्रमाणे घडते, सुटे भाग आधी त्याला मिळतात आणि बिघाड झाला की अभियंते आधी त्याचे ऐकतात.

पदरमोड करणाऱ्याचा प्रश्न

ज्यांना कंपन्या मानधन देऊन बोलावतात, त्यांची ही चर्चा झाली. भारतातून रॅलीत उतरणाऱ्या बहुतेकांची स्थिती अगदी वेगळी आहे. त्यांना संघ निवडत नाही. पुरस्कर्ते गोळा करून, पदरचे पैसे घालून तेच संघातील जागा भाड्याने घेतात. गाडी, मेकॅनिक, सुटे भाग, वाहतूक असे सर्व त्या भाड्यात असते. अशा स्पर्धकाच्या दृष्टीने पहिल्या दिवशी फुटलेले इंजिन म्हणजे वर्षभराची जमवाजमव मातीत.

याला एक मधली वाट गेल्या काही वर्षांत तयार झाली. स्कोडासारख्या कंपन्या रॅलीसाठी तयार केलेल्या गाड्या खासगी संघांना विकतात. मूळ कंपनीने तिची भरपूर चाचणी घेतलेली असते, प्रत्येक भागाचा क्रमांक ठरलेला असतो, कोणता भाग किती किलोमीटरनंतर बदलायचा याची यादी सोबत येते आणि तो भाग मागवला की मिळतो. सर्वांत वरच्या गटाच्या गाडीहून ती थोडी मंद. पण तिच्या वेगाला तिचा टिकाऊपणा शोभून दिसतो. गौरव गिल याने २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीन आशिया-पॅसिफिक विजेतेपदे एमआरएफ संघाच्या स्कोडा फाबियातून मिळवली. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटार शर्यतीच्या क्षेत्रातील तो पहिलाच अर्जुनवीर.

पुण्याच्या संजय टकले यांनी जानेवारी २०२५ मध्ये वेगळा रस्ता धरला. आशियातील रॅलींचा मोठा अनुभव गाठीशी असलेले टकले सौदी अरेबियात ‘डकार क्लासिक’मध्ये उतरले. ही मुख्य डकारच्याच तळांवर मुक्काम करणारी, पण जुन्या पिढीच्या गाड्यांसाठीची स्पर्धा. येथे सर्वांत जोरात पळणारा जिंकत नाही. प्रत्येक गटाला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो. त्याहून मागे पडले तरी दंड आणि पुढे गेले तरी दंड. वाळूच्या टेकड्या, दगडगोटे, दिशा शोधण्याची कसोटी हे सारे पार करून घड्याळाशी इमान राखायचे. वेगाचा मोह नियमांनीच काढून घेतल्यावर उरतो तो केवळ भरवसा, आणि तो तर दुप्पट लागतो. कारण बिघाडात गेलेला वेळ पुढे जोरात पळून भरून काढण्याची सोय येथे जवळपास नसते.

कोम्पाञी सहारियेन या फ्रेंच संघातून, माक्सिम रो या फ्रेंच सहचालकासह टकले यांनी टोयोटा लँड क्रूझर एचझेडजे-७८ चालवली. ४.२ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन, टर्बो नाही, ताकद साधारण १३० अश्वशक्तीची. आजच्या शहरी मोटारींपुढेही ती फार वाटू नये. आफ्रिकेतील मदतसंस्था आणि खाणकंपन्या याच गाडीवर वर्षानुवर्षे विसंबून राहिल्या आहेत, कारण बिघडण्याजोगे तिच्यात थोडेच आहे आणि जे बिघडते ते कोठेही दुरुस्त होते. मुक्कीच्या द्वारावर जिप्सीत किल्ली फिरवणाऱ्या चालकाला ती पाहताक्षणी ओळखीची वाटली असती. सुमारे दोन आठवडे वाळवंट तुडवून ती अंतिम रेषेपर्यंत पोहोचली आणि टकले एकूण क्रमवारीत अठरावे आले.